नकाराचा कागद

जिल्हा रुग्णालयात ज्या वारी दिव्यांगत्व तपासणारे वैद्यकीय मंडळ बसते, त्या वाराला आपल्याकडे लोक ‘बोर्डाचा दिवस’ म्हणतात; आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने आलेली, कुबडीच्या, चाकाच्या खुर्चीच्या अथवा भावाच्या खांद्याच्या आधाराने व्हरांड्यात रांग धरून बसलेली माणसे एकमेकांना नावगाव विचारण्याच्या आधी ‘टक्के किती बसले?’ हा प्रश्न विचारतात. या प्रश्नात कुतूहल थोडे आणि चिंता फार असते, कारण तपासणीच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या त्या एका आकड्यावर ‘निराधारचा पगार’ सुरू होणे, प्रवासाची सवलत मिळणे, नोकरीच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येणे, हे सारे अवलंबून असते. ज्याला आकडा अनुकूल मिळाला तो समाधानाने परततो. ज्याला प्रतिकूल मिळाला तो बहुधा काही न बोलता परततो, आणि ‘नशिबात नव्हते’ एवढे म्हणून तो विषय घरात पुन्हा काढीत नाही. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. त्याला मिळालेला नकार न्याय्य असेल किंवा चुकीचाही असेल. परंतु तो केवळ तोंडी असेल, तर कायद्याने सांगितलेला नकार त्याला अद्याप मिळालेलाच नाही, ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितलेली नसते.

वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांनी गांजलेल्या माणसाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, हे तत्त्व आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात १९५० पासून आहे; पण ते मार्गदर्शक तत्त्वांपैकी असल्यामुळे आणि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांनी बांधलेले असल्यामुळे, त्याच्या आधारे कोणाला न्यायालयात हक्काने उभे राहता येत नव्हते. पुढे १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र कायदा झाला व त्यात सात प्रकारांची नोंद झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली संमत केलेल्या दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने २००७ साली मान्यता दिली, त्या कराराशी आपला कायदा जुळवून घेणे क्रमप्राप्त झाले, आणि त्यातून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा जन्मास आला, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. सातांचे एकवीस प्रकार झाले. सिकलसेल, थॅलेसीमिया, हिमोफिलिया, कंपवात, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, अॅसिड हल्ल्याने आलेली विद्रूपता, अशा आजवर दप्तराबाहेर राहिलेल्या कितीतरी दुःखांना सरकारी नाव मिळाले. मात्र बहुतेक लाभांच्या दाराशी कायद्याने एक उंबरठा ठेवला, तो ४० टक्क्यांचा. त्यालाच मराठी अनुवादात ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ म्हटले आहे.

हे टक्के काढतात कसे, हे अर्जदाराने थोडे तरी समजून घेतले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. कारण जो हिशेब समजतो त्यालाच हिशेबातली चूक दाखवता येते. केंद्र सरकारने मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित केली आणि मार्च २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. त्यांतील गणित गावातल्या बेरजेसारखे चालत नाही. समजा, एखाद्या शिंप्याच्या पायात बालपणीच्या पोलिओने आलेले वैगुण्य २५ टक्के भरले आणि पुढे अपघाताने हाताला आलेले १५ टक्के भरले, तर तो घरी येताना ४० धरून येतो. मंडळाचा नियम वेगळा आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा, ९० मधून तो वजा करून जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणायचे, त्या गुणाकाराला ९० ने भागायचे, आणि आलेला भागाकार मोठ्या आकड्यात मिळवायचा. या रीतीने आपल्या शिंप्याचे एकूण दिव्यांगत्व सुमारे ३६ टक्के होते, आणि चार टक्क्यांसाठी तो उंबरठ्याबाहेर राहतो. त्याची फसवणूक झाली, डॉक्टरांना काही हवे होते, अशी शंका त्याच्या मनात येते. वास्तविक तेथे केवळ एक सूत्र चालवले गेलेले असते, जे त्याला कोणी सांगितलेले नसते.

कानाचे असेच आहे. दोन्ही कानांचे टक्के स्वतंत्र काढून, चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणतात, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवतात, आणि बेरजेला सहाने भागतात. म्हणजे ज्याचा एक कान पूर्ण निकामी आणि दुसरा ठणठणीत आहे, त्याचे श्रवणदोषाचे प्रमाण १७ टक्क्यांच्याही आतच येते. एक डोळा पूर्ण गेलेल्या आणि दुसऱ्याने नीट पाहणाऱ्या माणसाला ३० टक्के मिळतात. अशा माणसांनी अपील केले तरी आकडा बदलण्याचा संभव फार थोडा, कारण नियमच तसा आहे. आणि हे आधी कळले तर पैसा, रजा व मनस्ताप वाचतो.

याच्या उलट, काही दुःखे अशी आहेत की ती एका दिवसाच्या तपासणीत दिसतच नाहीत, आणि तेथे मात्र अपिलाला मोठा अर्थ आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या विकारात वेदनेचे झटके येतात, रुग्ण दहा-दहा दिवस खाटेवर पडतो, आणि झटका ओसरला की वरवर निरोगी दिसतो. बोर्डाच्या दिवशी तो चालत येतो, खुर्चीवर बसतो, प्रश्नांची उत्तरे देतो. मग त्याचे आजारपण दाखवायला त्याच्याजवळ काय उरते? पूर्वीच्या भरतीचे कागद, रक्त चढवल्याच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, एवढेच. ज्याने ते जपून ठेवले त्याचे आजारपण मंडळासमोर येते. मानसिक आजाराचेही असेच. तेथे स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम, या चार अंगांना शून्य ते चार असे गुण देतात, आजार किती काळ आहे त्याचे गुण त्यात मिळवतात, आणि वीसपैकी सात गुण झाले की ४० टक्क्यांची रेषा लागते. रुग्ण बोलत नसेल किंवा ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत असेल, तर ज्याने त्याला रोज आंघोळ घातली, जेवू घातले, रात्री दाराशी जागत बसला, त्या माणसाची साक्षच खरी. म्हणून घरातल्या कर्त्या, प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या माणसाने बरोबर गेलेच पाहिजे.

आकड्याचे हे राज्य न्यायालयांनाही खटकले आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, ज्याला लिहिण्यास खरोखर अडचण आहे त्याला लेखनिक दिला पाहिजे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, वाचादोष ४० टक्क्यांहून अधिक भरल्यामुळे वैद्यकीय प्रवेशास अपात्र ठरवलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, केवळ टक्क्यांवरून दार बंद करू नये, त्याला तो अभ्यासक्रम झेपेल की नाही याची तपासणी मंडळाने करावी, असे सांगितले. एकाचे टक्के कमी म्हणून नकार, दुसऱ्याचे अधिक म्हणून नकार. दोन्ही ठिकाणी माणूस मात्र पाहिला गेला नव्हता.

आता नकाराच्या कागदाविषयी. कायद्याच्या ५८ व्या कलमाने प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दोनच मार्ग ठेवले आहेत : प्रमाणपत्र द्यावे, अथवा अर्जदाराला विनिर्दिष्ट दिव्यांगत्व नाही असे त्याला लेखी कळवावे. तिसरा मार्ग नाही. ‘पुढच्या महिन्यात या’, ‘तुमचे बसत नाही’, ‘साहेब बदलून गेले’, ही खिडकीवरची उत्तरे या दोहोंपैकी कशातच मोडत नाहीत. केंद्रीय नियमांनी नकाराची कारणेही लेखी द्यावीत असे म्हटले आहे, आणि त्यासाठी मुदत घातली आहे. २०१७ च्या नियमांत ती एक महिन्याची होती, ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली. त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षे निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय ठरतो आणि नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणून ‘अर्ज केलेला आहे, कधीतरी होईल’ असे म्हणून स्वस्थ बसणे आता पूर्वीपेक्षाही धोक्याचे झाले आहे. हल्ली अर्ज दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राच्या (यूडीआयडी) संकेतस्थळावरून करावयाचा असल्याने त्याला क्रमांक मिळतो, तारीख पडते. तो क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि अर्जाच्या पोचपावतीची छापील प्रत काढून ठेवावी. पोच नसलेला अर्ज दप्तरात असला तरी नसल्यासारखाच.

लेखी नकार मिळाला की त्यातील कारण वाचावे, कारण कोणते दार ठोठावायचे ते त्या कारणावरून ठरते, आणि आपल्याकडील बहुसंख्य माणसे चुकीचे दार ठोठावून थकतात, असा माझा अनुभव आहे. नकार दोन प्रकारचा असतो, एक वैद्यकीय आणि दुसरा महसुली. टक्के कमी पडले, हा पहिला. टक्के आहेत पण अनुदान नामंजूर झाले, हा दुसरा. टक्क्यांची तक्रार घेऊन तहसील कचेरीत जाणाऱ्याला तेथील अव्वल कारकून कितीही सहृदय असला तरी मदत करू शकत नाही, कारण तहसीलदाराला अर्धा टक्काही वाढवण्याचा अधिकार नाही. आणि उत्पन्नाच्या दाखल्याची तक्रार वैद्यकीय मंडळापुढे मांडणे हे विहिरीवर जाऊन पावसाची दाद मागण्यासारखे आहे.

वैद्यकीय नकारावर ५९ व्या कलमाखाली अपील करता येते. ते राज्य सरकारने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे, राज्याने ठरवलेल्या मुदतीत व रीतीने करावयाचे असते. त्या प्राधिकाऱ्याचे नाव आणि मुदत ज्या रुग्णालयाने नकार दिला त्याच रुग्णालयाला लेखी विचारावी, आणि उत्तराची वाट पाहत न बसता अपिलाची तयारी त्याच दिवशी सुरू करावी. त्याआधी एक काम आहे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली, १० रुपये शुल्क भरून, आपल्या तपासणीची नोंद मागावी : कोणता सांधा मोजला, किती अंश वळला, कानाची चाचणी कोणत्या यंत्रावर झाली, दृष्टी कोणत्या तक्त्याने पाहिली. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत ही माहिती देणे बंधनकारक आहे. ही नोंद हाती आली की अपील लिहिणे सोपे होते.

अपिलात काय लिहावे? दैन्याचे वर्णन त्यात आपोआप येते, आणि येणे स्वाभाविकही आहे. ज्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून तीन वेळा तालुक्याहून जिल्ह्याला खेटे घातले, त्याच्या लेखणीतून दुःखच आधी उतरणार. परंतु अपील प्राधिकारी दुःख मोजीत नाही, तो तपासणी तपासतो. म्हणून अर्जात असे लिहावे की अमुक तारखेच्या तपासणीत गुडघ्याचे मोजमाप झाले पण घोट्याचे झाले नाही. उजव्या हाताने सर्व कामे करणाऱ्या माणसाचा उजवाच हात गेला असता त्याची दखल घेतली नाही. मज्जातंतूंची चाचणी केली नाही. गेल्या दोन वर्षांतील रुग्णालयातील भरतीचे कागद पाहिले नाहीत. प्रत्येक विधानापुढे त्याचा कागद जोडावा आणि कागदांवर क्रमांक घालावेत. अर्ज एका पानाचा असावा, जोडपत्रे कितीही असोत. आणि फेरतपासणीची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. ‘योग्य तो न्याय व्हावा’ एवढ्यावर थांबू नये, कारण त्या वाक्यावर कोणताही हुकूम काढता येत नाही.

महसुली बाजूला गोष्टी वेगळ्या आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील, किमान पंधरा वर्षे राज्यात राहिलेल्या आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या माणसाला, त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असेल, तर मासिक अनुदान मिळते. अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो आणि तहसीलदार तिचा सदस्य सचिव असतो. ही रक्कम २०२३ पासून १,५०० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २,५०० करण्यात आली. ही वाढ उपकार म्हणून झाली असे कोणी समजू नये. दिव्यांगांना मिळणारे साहाय्य तशाच योजनेतील इतरांच्या साहाय्यापेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावे, असे २०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम सांगते, आणि तरीही कित्येक वर्षे दिव्यांग आणि इतर निराधार यांच्या हाती जवळपास सारखीच रक्कम पडत होती. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ ची आहे. तिच्यासाठी ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नोंद या दोन्ही अटी लागतात, आणि केंद्राचा वाटा आहे महिना ३०० रुपयांचा.

माझ्या मते खरा काच उत्पन्नाच्या अटीत आहे. ५०,००० रुपये म्हणजे दिवसाला १३७ रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले की कुटुंब मर्यादेबाहेर जाते आणि घरातला दिव्यांग ‘निराधार’ राहत नाही. बाप मजुरी करतो म्हणून पांगळ्या मुलाला आधार आहे, असा हा तर्क. तो बाप आजारी पडला तर? या मर्यादेत वाढ व्हावी, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून सरकारकडे लेखी गेली पाहिजे.

महसुली नकारात पुष्कळदा अडचण मूळ अर्जापेक्षा आधीच्या दाखल्यांत असते. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला वेळेत मिळाला नाही, किंवा तलाठ्याच्या चौकशीवरून त्यात चुकीची रक्कम आली, म्हणून पुढचे सारे खुंटते. येथे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामास येतो, ज्याचा उपयोग करणारे लोक मला अजून फार थोडे भेटले आहेत. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही किंवा नाकारली गेली, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. त्याचा निर्णय ३० दिवसांत व्हावा लागतो. तेथे समाधान झाले नाही तर पुन्हा ३० दिवसांत दुसरे अपील, आणि त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान आहे, पण सेवापुस्तकाला जपणाऱ्या माणसाला ती लहान वाटत नाही. समितीने अनुदानच नामंजूर केले असेल, तर समितीच्या ठरावाची प्रत मागावी, त्यातील कारण वाचावे, आणि त्या कारणाला उत्तर देणारा अर्ज पुराव्यासह वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याकडे करून त्याची पोच घ्यावी.

हे सारे करूनही यश आले नाही, तर पुण्यास दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. राज्य आयुक्ताला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागवण्याचे अधिकार कायद्याने दिलेले आहेत. त्याने केलेल्या शिफारशीप्रमाणे संबंधित कार्यालयाला वागावे लागते, आणि ती मानायची नसेल तर तीन महिन्यांत कारण कळवावे लागते. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणासाठी मंत्रालयात स्वतंत्र विभागही स्थापन केला. त्याच्याही पुढे उच्च न्यायालय आहेच. वकिलाची फी कोठून आणायची, या प्रश्नापाशी माणूस थांबतो, आणि नेमकी येथेच एक तरतूद झाकलेली राहिली आहे : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीला, तिचे उत्पन्न काहीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो, आणि अपिलाचा मसुदा करण्यासाठीही तेथे जाता येते.

खोट्या प्रमाणपत्रांच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येतात, आणि लबाडीने लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ९१ व्या कलमात आहे. ती योग्यच आहे. परंतु अशी प्रत्येक बातमी आल्यावर तपासणीचा हात खऱ्या माणसावर अधिक जड पडतो, त्याच्या चालण्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि ज्या मुलाला काल ‘बिचारा’ म्हणत होते त्याला आज ‘सोंग’ म्हणू लागतात, हे मी पाहिले आहे आणि त्याचे दुःख मला आहे.

अपील मंजूर झाले तरी कागदांचे काम संपत नाही. ज्याचे दिव्यांगत्व बदलण्याचा संभव आहे त्याला तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, त्यावर अखेरची तारीख असते, आणि ती उलटली की अनुदान थांबू शकते. तेव्हा दोन-तीन महिने आधीच फेरतपासणीचा अर्ज करावा. अनुदान घेणाऱ्याला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, खाते आधारशी जोडलेले ठेवावे लागते. मूळ प्रमाणपत्र, नकाराचे पत्र, अपिलाची प्रत, पोचपावत्या, माहिती अधिकारात आलेली नोंद, हे सारे तारखेच्या क्रमाने लावून, पावसाळ्यात कौलातून गळणार नाही अशा जागी, एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे, आणि ती पिशवी कोठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे.